ओष्ठसंधान : अभिमान आणि उत्तरदायित्व

सुश्रुताचार्यांच्या संधानकर्माचा गौरव आपल्या संमेलनांतून नेहमीच होतो. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कर्णबंध व नासासंधान यांच्यासमवेत ओष्ठसंधानही सांगितले आहे. विधी नासासंधानाप्रमाणेच, केवळ नाडीयोजना वगळून. हा अभिमान रास्तच आहे. परंतु ओठावरील कर्करोगाचा रुग्ण अनेकदा प्रथम आपल्याच चिकित्सालयात वा औषधालयात येतो. त्या वेळी या वारशाला आपण कितपत जागतो, हा खरा प्रश्न आहे.

कर्करोगग्रस्त भाग काढल्यानंतर ओठ पुन्हा कसा घडवता येईल, हे मुख्यतः किती ओठ शिल्लक राहिला यावर ठरते. खालच्या ओठाचा सुमारे एकतृतीयांश भाग गेला तरी उरलेल्या कडा सरळ जोडता येतात. त्याहून अधिक गेल्यास रक्तवाहिनीसह दुसऱ्या ओठाचा भाग वळवून आणावा लागतो. अमेरिकन शल्यविद रॉबर्ट ॲबे यांनी १८९८ मध्ये वापरलेली ही पद्धती आजही प्रचलित आहे. कारापांझिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ओठाच्या स्नायूच्या नसा राखल्या जातात, मात्र मुखद्वार लहान होते. संपूर्ण ओठ गेल्यास मनगटाजवळची त्वचा स्नायुरज्जूसह आणून सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. असा ओठ आकार देतो. मूळ ओठाची हालचाल व संवेदना मात्र पूर्णपणे देऊ शकत नाही. लाळ गळणे, घास न सांभाळणे, ओष्ठ्य वर्णांचा उच्चार बिघडणे ही दुःखे रुग्णाच्या वाट्याला येतात. विलंबाची किंमत अशी ओठाच्या मापाने मोजली जाते.

चिकित्सास्थानात आचार्यांनी मांसज, रक्तज व त्रिदोषज ओष्ठप्रकोप वर्ज्य मानले आहेत. आपल्या मर्यादा ओळखण्याची ही शिस्त शास्त्राचीच आहे. असे असता तंबाखू किंवा मिसरी वापरणाऱ्या रुग्णाच्या न भरणाऱ्या व्रणावर महिनोन्‌महिने लेप, मलम व प्रतिसारण चालू ठेवणे शास्त्रसंमत कसे म्हणावे? निदानापूर्वी केलेल्या क्षारकर्माने व्रणाचे मूळ स्वरूपच झाकोळते.

म्हणून वैद्यबंधूंनी एक नियम कटाक्षाने पाळावा. ओठावरील व्रण, कठीण गाठ, पांढरा वा लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा न झाल्यास मानेतील ग्रंथी तपासून रुग्णास तुकडा-तपासणीसाठी तज्ज्ञाकडे पाठवावे. व्रण कठीण असेल वा ग्रंथी वाढल्या असतील, तर तेवढेही थांबू नये. औषधालयचालकांनी त्याच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा मलम मागणाऱ्यास ‘किती दिवस झाले?’ एवढे अवश्य विचारावे.

रुग्णास अन्यत्र पाठविल्यास तो दुरावेल, अशी शंका काहींना वाटते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतरही तंबाखूत्याग, पथ्याहार, मुखस्वच्छता व नियमित पुनर्तपासणी यांसाठी त्याला विश्वासू वैद्य हवाच असतो. मुख उघडण्याचे व्यायाम शल्यविदांच्या सल्ल्याने करवून घेणे हेही आपलेच काम आहे.

ओष्ठसंधानाचा वारसा सांगणाऱ्याने संधानास पुरेसा ओठ शिल्लक असतानाच रुग्णास शल्यविदाच्या हाती सोपवावे. सुश्रुताचार्यांचे नाव घेण्याचा अधिकार त्यानेच सिद्ध होईल.