फोटोत न दिसणारा तडा

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, भाकरी चावताना नाही, चावून दात सुटले की सणक येते," म्हणाल्या. नेमकी दाढ मात्र दाखवता येईना. मी एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. हिरडी सुजली असेल म्हणून गोळ्या देऊन पाठवले. चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा दाढ मुळापर्यंत चिरली होती. काढावीच लागली. बाईंनी निदान स्वतःच सांगितले होते, मी ऐकले नाही.

दाब सुटताना येणारी कळ ही तडकलेल्या दाढेची मोठी खूण. चावताना तड्याच्या कडा फाकतात, दाब सुटताच मिटतात आणि आतली नस कळवळते. गार पाणीही झोंबते. १९६४ साली कॅमेरॉन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने या दुखण्याला 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' हे नाव दिले, तरी आजही ते सहज निसटते. कारण तडा बहुधा दाढेत पुढून मागे जातो, आणि तसा तडा एक्स-रेत उमटत नाही. त्यासाठी दाढेच्या एकेका उंचवट्यावर काडी ठेवून चावायला लावावे लागते. मग बाजूने बारीक दिवा धरायचा, तड्यापाशी उजेड अडतो. काम पाच मिनिटांचे, पण बाहेर रांग असली की आम्ही फोटोवर भागवतो. हे बरे नव्हे.

मोडलेले हाड सांधते, दात सांधत नाही. वेळीच कॅप बसवली तर पुष्कळ दाढा वाचतात; नस बिघडली असेल तर आधी रूट कॅनाल. कॅपचा खर्च ऐकून लोक "काढूनच टाका" म्हणतात. अशा वेळी दाढेभोवती तात्पुरती स्टीलची पट्टी बसवून काही दिवस निभावता येते, हे आम्ही आपणहून सांगायला हवे.

घरात अडकित्ता असताना सुपारी दाढेने फोडणाऱ्यांना काय सांगावे! मोठी चांदी भरलेली दाढ असेल किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर त्यांनी अधिकच जपावे.

दवाखान्यात जाताना कळ कशाने येते, चावताना की सोडताना, हे आठवून जा. डॉक्टर नुसता फोटो पाहून "ठीक आहे" म्हणाले, तर "काडी चावायला देऊन बघता का?" असे खुशाल विचारा. मला कोणी विचारले तर राग येणार नाही.