पाहुण्यांचा दर

परदेशी स्थायिक झालेल्या मित्राच्या घरी सहकुटुंब राहण्याचा योग ज्यांना आला आहे, त्यांना हे सांगावयास नको की, अशा मुक्कामात यजमानांच्या औदार्याइतकीच पाहुण्यांच्या संकोचाचीही कसोटी लागते. यजमान दांपत्याने सकाळी कामावर जावयाचे, त्यांच्या मुलांनी शाळेत जावयाचे आणि पाहुण्यांनी तो सारा दिवस घराबाहेर कोठेतरी सत्कारणी लावावयाचा, अशी एक अलिखित वहिवाट तेथे आपोआप पडून जाते. लंडनमध्ये ही अडचण परस्पर सुटते ती तेथील राष्ट्रीय संग्रहालयांमुळे, कारण विशेष प्रदर्शने वगळली तर त्यांच्या दाराशी कोणी पैसे मागत नाही, आणि पाहणारा कोणत्या मुलखाचा रहिवासी आहे याची खातरजमाही कोणी करीत नाही.

या मोफतपणाचा खरा लाभ पैशाच्या बचतीत नाही. तिकीट काढून आत गेलेला मनुष्य वस्तू पाहण्यासाठी कमी आणि दिलेल्या पैशांची वसुली करण्यासाठी अधिक हिंडतो. कुटुंब बरोबर असले की ही वसुली चौपट कठोर होते, आणि मग थकलेल्या वृद्धांना व कंटाळलेल्या मुलांना दालनामागून दालन ओढीत नेण्याचे कर्म कर्त्या पुरुषाकडे येते. लंडनला मित्राकडे सहकुटुंब उतरलो असताना आमच्यावर तो प्रसंग आला नाही. साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मुलाला केवळ टिपूचा वाघ पाहावयाचा होता, तेवढाच आम्ही पाहिला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागलेला हा लाकडी वाघ गोऱ्या शिपायाच्या नरडीवर बसला असून त्याच्या पोटात वाद्याची योजना आहे. दांडा फिरविला असता वाघाची गुरगुर आणि शिपायाचे कण्हणे ऐकू यावे, अशी ती तजवीज. ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत तो मांडला असताना येणारेजाणारे हौसेने दांडा फिरवीत. आता तो काचेआड आहे, याबद्दल चिरंजीवांनी तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि ती मला सर्वथा रास्त वाटली.

ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे ऐंशी लक्ष वस्तू असून त्यांपैकी शेकडा एकच काय ती मांडलेली असते. पण ती एकही एका दिवसात पाहून होणे नाही. सगळे जण रोझेटा शिळेभोवती दाटी करतात, म्हणून आम्ही ती वाट सोडून अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ठेवलेल्या दालनात जाऊन बसलो. सातवाहनांच्या काळात भरभराटीस आलेला तो स्तूप, त्या घराण्याची राजधानी आपले पैठण, आणि स्तूप उभा होता तो कृष्णेच्या काठी. त्याच कृष्णेच्या काठी, वाईला बालपण घालविलेल्या माझ्या आईला हे कळताच तिने त्या फिकट पाषाणांकडे ज्या आप्तभावाने पाहिले, त्याला सवड हवी होती, आणि ती सवड केवळ दार मोफत असल्यामुळे मिळाली. उद्या पुन्हा येता येईल, हे ठाऊक असलेला मनुष्य आज एका दगडापाशी स्वस्थ बसू शकतो.

अर्थात हे दार असे सताड उघडे राहिले ते कोणाच्या सहज कृपेने नव्हे. १७५३ च्या पार्लमेंटच्या कायद्याने, हान्स स्लोन या वैद्याचा संग्रह विकत घेऊन आणि त्यासाठी चक्क सोडतीतून पैसा उभारून, ब्रिटिश म्युझियम स्थापन झाले. १७५९ मध्ये ते विनाशुल्क उघडले खरे, पण आरंभी प्रवेशासाठी लेखी अर्ज करून परवान्याची वाट पाहावी लागे. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८५७ पासून गॅसचे दिवे लावण्यात आले, ते दिवसभर राबणाऱ्या कामगारालाही संध्याकाळी येता यावे म्हणून. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी हात आखडला तसे शुल्क आले. ब्रिटिश म्युझियमने ते १९७४ च्या आरंभी तीनच महिने घेऊन सोडून दिले, इतर काहींनी ते १९८० नंतर बसविले आणि डिसेंबर २००१ मध्ये ते उठले. पुढील दहा वर्षांत त्या संग्रहालयांचे प्रेक्षक दुपटीहून अधिक झाले.

आता वारे उलट दिशेने वाहत आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१८ पासून त्या राज्याबाहेरून येणाऱ्या प्रौढांना ठरावीक शुल्क सक्तीचे केले. पॅरिसच्या लूव्ह्रने जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील प्रवाशांसाठी २२ युरोंचे तिकीट ३२ युरोंवर नेले. आणि लंडनमध्येही परकीयांकडून काही घ्यावे, ही सूचना अधूनमधून डोके वर काढीत असते. स्वदेशी करदाता संग्रहालयाचा भार वाहतो, तेव्हा परदेशी पाहुण्याने वेगळे द्यावे, हा युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे. पण प्रत्येक परदेशी मनुष्य हॉटेलांत उतरणारा धनिक नसतो. विद्यार्थी असतो, मित्राच्या बैठकीत गादी टाकून निजणारे कुटुंबही असते, आणि दर वाढताच सर्वांत आधी वगळली जाते ती त्यांची दुसरी फेरी.

येथे आपल्याकडील काही मंडळी त्वेषाने म्हणतील की, आमचाच माल पाहण्यासाठी आम्हांसच दाम का? या त्वेषात तथ्य आहेच. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अनेक वर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रप्रती साउथ केन्सिंग्टनला गेल्या, त्यांतील पुष्कळ १८८५ च्या आगीत खाक झाल्या, आणि उरलेल्या अद्याप तेथेच आहेत. परंतु खुद्द अजिंठ्याच्या दाराशी आपण काय करतो? भारतीयास ४० रुपये आणि परदेशी माणसास ६००, म्हणजे नेमके पंधरापट. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांस स्वदेशी दर लागतो, हे ठीक. पण व्हिएतनामहून भगवान बुद्धाच्या ओढीने आलेला भिक्षू या सवलतीत बसत नाही. आमचा लंडनचा मित्र त्याच्या इंग्रज शेजाऱ्यास घेऊन उद्या आला, तर मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाच्या आधारे तो स्वतः स्वस्तात आत जाईल आणि त्याच्या पाहुण्यास मात्र, ज्याच्या देशात आमच्याकडून एक पैही घेतली गेली नाही, पंधरापट मोजावे लागतील.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अजिंठा-वेरूळचे हे दोन दर एक करावेत. महसुलाची तूट येईल ती सरकारने सोसावी. तोवर पॅरिसच्या तिकीटखिडकीवर तक्रार करण्याचा हक्क आपणांस नाही.