बालवर्गांतील घाई

बालवर्गाच्या प्रवेशाचे दिवस आले कीं पुण्याच्या जुन्या पेठांत काय किंवा कोथरूड-हडपसरांत काय, आईबापांची जी धांदल उडते ती पाहून, मुलास शाळेंत घालावयाचें आहे कीं कचेरींत नोकरीस लावावयाचें आहे, असा प्रश्न आम्हांस पडतो. तिसऱ्या वर्षीं रंगांचीं इंग्रजी नांवें पाठ करून घ्यावयाचीं, चौथ्या वर्षीं वहींत अक्षरें गिरवून शंभरपर्यंत आंकडे लिहवून घ्यावयाचे, आणि पहिलींत पाऊल पडण्यापूर्वींच शिकवणी लावावयाची, ही रीत आतां सर्रास झाली आहे. शाळाचालकांचा दोष आम्ही नाकारीत नाहीं. पण गिऱ्हाईक मागतें तोच माल दुकानांत येतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

सन २०२५ च्या एप्रिलांत पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्याचा सरकारी निर्णय निघाला, तेव्हां महाराष्ट्रभर केवढें वादळ उठलें! जूनमध्यें सुधारलेला निर्णय निघाला, आणि २९ जून रोजीं सरकारनें दोन्ही मागें घेतले. त्या वादांत राजकारण पुष्कळ होतें. तथापि सहा वर्षांच्या मुलावर एकदम इतक्या भाषांचें ओझें घालूं नये, हा मुद्दा निखालस खरा होता. मग सरकारनें सहाव्या वर्षीं जें करूं नये, तेंच आपण घरांत चौथ्या वर्षीं कोणत्या तोंडानें करतों? आजीच्या मराठींत ज्यास अजून आपलें सुखदुःख नीट सांगतां येत नाहीं, त्या पोरास परक्या भाषेचें स्पेलिंग घोकावयास बसवावयाचें आणि संध्याकाळीं मायबोलीच्या रक्षणार्थ सभेस जावयाचें, हा प्रकार आम्हांस मोठा विचित्र वाटतो.

यावर कोणी म्हणेल कीं, आमच्या आज्यापणज्यांनीं पावकी, निमकी, औटकी लहानपणीं तोंडपाठ केली म्हणूनच पेढी चालली. कबूल. परंतु पंतोजीच्या शाळेंत काय चालें तें नीट पाहावें. धुळपाटीवर बोटानें अक्षर काढतांना सबंध हात फिरे, आणि चुकलेलें तळहातानें पुसून टाकतां येई. पाढे सर्वांनीं मिळून एका सुरांत म्हणावयाचे असत. आणि पावकींतला पाव व दिडकींतला दीड बापाच्या तराजूंत रोज डोळ्यांपुढें दिसत. (त्या शाळेची छडी मात्र आम्हांस नको.) आज छडी गेली हें ठीक झालें, पण धूळ व सूर हींही तिच्याबरोबर गेलीं, आणि ज्या बोटांत अद्याप पुरतें बळ आलेलें नाहीं त्यांत पेन्सिल आली.

आम्ही कांहीं नवें सांगत नाहीं. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि पुढें बोर्डी व १९५७ पासून कोसबाड येथें अनुताई वाघ यांच्या साह्यानें गोरगरीब व आदिवासी मुलांसाठीं बालशाळा चालविल्या. तेथें पानें, बिया, खडे, शिंपले हीं साधनें आणि गाणें व गोष्ट हा धडा. २०२२ च्या राष्ट्रीय आराखड्यानेंही सहा वर्षांखालील मुलांस नेमलेलीं पाठ्यपुस्तकें नसावींत असेंच म्हटलें आहे. फिनलंडांत तर शाळा सातव्या वर्षीं सुरू होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणांत, पांच कोटींहून अधिक मुलांस साधें वाचन व बेरीज-वजाबाकी येत नसावी असा अंदाज दिला आहे. त्यावरून आरंभ अधिक लौकर करावा असें अनुमान काढणें चूक आहे. जो शब्द मुलाच्या कानांवर कधीं पडलाच नाहीं, तो वर्षभर आधीं गिरवून त्यास काय कळणार?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रवेशासाठीं मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास बंदी केली असून, पहिल्या अपराधास २५,००० रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. परंतु त्या कायद्यांतील बालक सहा ते चौदा वर्षांचें! जेथें घाई अधिक तेथेंच कायद्याचें छत्र तोकडें. तें तीन वर्षांच्या मुलापर्यंत आणण्याचा कायदा विधिमंडळानें करावा, अशी आमची मागणी आहे. तोंपर्यंत पालकांनीं प्रवेशाच्या वेळीं मुख्याध्यापकांस दोनच प्रश्न विचारावेत: मुलें दिवसांतून किती वेळ अंगणांत असतात, आणि गोष्ट कोणत्या भाषेंत ऐकतात? वहीची चौकशी पहिलीपर्यंत राहूं द्यावी.