नव्या रूपाचा कौल कोणी द्यायचा?

भिवंडी, प्रतिनिधी : एखाद्या कंपनीला आपल्या संकेतस्थळाचे रूप पालटायचे असेल तर दोन-चार आराखडे मागविले जातात, साहेबांना पसंत पडेल तो मंजूर होतो आणि विषय मिटतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत असा साहेब सहसा नसतो. हजारो स्वयंसेवकांनी विनामोबदला उभ्या केलेल्या वास्तूचा दर्शनी भाग कसा असावा, हा प्रश्न तेथे केवळ आवडीनिवडीचा राहत नाही, हक्काचा होतो. विकिपीडियाच्या नव्या रूपावरून झालेला वाद या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्याच ‘मीडियाविकी’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर चालतो. म्हणजे हे भांडण परक्याच्या घरातले नव्हे.

विकिपीडियाने २००४ मध्ये ‘मोनोबुक’ आणि २०१० मध्ये ‘वेक्टर’ हे रूप धारण केले. त्यानंतर दशकभर मोठा बदल झाला नाही. २०२० पासून मात्र विकिमीडिया फाउंडेशनने नव्या मांडणीची चाचणी आरंभली. एकदम सर्वांवर न लादता फ्रेंच, हिब्रू, पर्शियन अशा निवडक विकिपीडियांवर ती आधी वापरून पाहिली गेली. ओळींची रुंदी आटोपशीर, अनुक्रमणिका बाजूला स्थिर, शोधपेटी ठळक, भाषा बदलण्याची सोय वरच्या कोपऱ्यात, असे तिचे स्वरूप होते. भारत, इंडोनेशिया, घाना आणि अर्जेंटिना येथील स्वयंसेवक गटांची मतेही घेण्यात आली. १८ जानेवारी २०२३ रोजी हे रूप इंग्रजी विकिपीडियावर आले, तेव्हा ३१८ सक्रिय भाषांपैकी ९४ टक्के ठिकाणी ते लागू झाल्याचे फाउंडेशनने जाहीर केले.

मराठी विकिपीडियावर सदस्यांचे मत अजमावण्याच्या प्रक्रियेला ‘कौल’ असा जुना, अर्थपूर्ण शब्द वापरला जातो. इंग्रजीतील कौल फाउंडेशनला अडचणीत टाकणारा होता. समर्थक आणि विरोधक जवळजवळ तुल्यबळ निघाले. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना मोकळी पांढरी जागा सुटते, ही मुख्य तक्रार. नंतर जुने रूप परत आणावे असा प्रस्ताव आला. त्याच्या बाजूने हात अधिक वर झाले, तरीही एकमत झाले नाही असा निष्कर्ष काढून तो बाजूला ठेवला गेला. स्वाहिली विकिपीडियाच्या सदस्यांनी तर एकमताने जुन्या रूपाच्या बाजूने मत दिले होते.

फाउंडेशनने आपल्या बाजूने आकडे मांडले. नव्या शोधपेटीमुळे चाचणीत शोधांचे प्रमाण ३० टक्क्यांनी वाढले, पान वरखाली सरकवणे सुमारे १५ टक्क्यांनी घटले. आकडे खरे मानले तरी त्यांचा अर्थ सरळ नाही. हवे ते सापडले म्हणून माणूस शोधतो, तसा सापडत नाही म्हणूनही पुन्हापुन्हा शोधतो. पण विरोधकांचा युक्तिवादही तितकाच अपुरा वाटतो. कौल देणारे बहुतांशी नेमाने लिहिणारे सदस्य असतात. वर्षानुवर्षे त्याच जागी तीच कळ दाबण्याची त्यांच्या हाताला सवय झालेली असते. केवळ वाचायला येणाऱ्याला असा कौल चालू आहे हेच ठाऊक नसते.

भिवंडीसारख्या शहरातून पाहिले म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या या गावात मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी माणसे शेजारी राहतात आणि या चारही भाषांत विकिपीडिया आहे. एकच मांडणी उजवीकडून डावीकडे वाचल्या जाणाऱ्या उर्दूला आरशातल्याप्रमाणे उलटी होऊन लागू पडावी लागते. नस्तालिक वळणाला दोन ओळींत अधिक अंतर हवे. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. इंग्रजीला पुरणारे अंतर तिला दाटीचे होते. ओळीची आदर्श रुंदी अक्षरे मोजून ठरवली जाते, पण ती मोजणी रोमन अक्षरांची. जोडाक्षर एक धरायचे की दोन, येथपासूनच आपला प्रश्न सुरू होतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की ही सारी लढाई संगणकाच्या पडद्यापुरती होती. मोबाईलवर विकिपीडिया ‘मिनर्व्हा’ या निराळ्या रूपात दिसतो आणि वाचनाचा मोठा हिस्सा आता तेथेच होतो. पाळी संपल्यावर फोनवर काही वाचणाऱ्या कामगाराला पांढऱ्या जागेचा वाद कधी दिसलाच नाही. संपादन संगणकावर सोयीचे पडते, म्हणून सदस्य तेथे बसतात, आणि ते जेथे बसतात तेथेच भांडणही झाले.

मग निर्णय एकाच्याच हाती द्यावा काय? वर्डप्रेसच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ २०२२ मध्ये बदलले, तेव्हा संस्थापक मॅट मुलेनवेग यांनी इतक्या साध्या मांडणीला इतका वेळ का लागतो, असे जाहीरपणे सुनावले होते. स्वयंसेवकांच्या जिव्हारी ते लागले. वेग वाढवण्याचा हा मार्ग महाग पडतो.

विकिपीडियात एक वाट आधीपासून आहे. खाते उघडलेल्या सदस्याला पसंतीक्रमात जाऊन वेक्टरचे जुने रूप वा मोनोबुकही निवडता येते. पूर्ण रुंदीचे बटण नव्या रूपात दिले गेले. २०२४ मध्ये अक्षरांचा आकार आणि गडद पार्श्वभूमी निवडण्याची सोय आली, तीही खाते नसलेल्या वाचकासाठी. दोन आराखड्यांतून एक निवडण्यापेक्षा हे अधिक न्याय्य. मात्र पसंती बदलता येते हे ठाऊक नसलेल्याच्या वाट्याला मूळ रूपच येते आणि असे वाचक बहुसंख्य असतात. तेव्हा मराठी विकिपीडियाच्या चावडीवर पुढचा कौल मांडताना आराखड्यांची चित्रे स्वस्त फोनवर, देवनागरी मजकुरासह दाखवावीत आणि कधीही संपादन न केलेल्या दहा-वीस वाचकांकडून तीच माहिती शोधून घेऊन कोणाला किती वेळ लागला हे नोंदवावे. त्यासाठी फाउंडेशनच्या परवानगीची गरज नाही. एक दुपार पुरेल.