नववी-दहावीत कुंचला आणि पेटी सोडू नका



शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की शिरोली एमआयडीसीच्या आसपासच्या घरांतून एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलगा चांगली चित्रे काढतो, मुलगी गोड गाते, पेटीवर तिची बोटे फिरू लागली आहेत. पण आता नववी आली, पुढे दहावी. हे सारे बंद करून नुसता क्लास लावावा का? फाउंड्रीत पाळ्या करून घर चालवणाऱ्या बापाला मुलाच्या पोटापाण्याची काळजी असणारच. त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर 'बंद करा' हे नव्हे.

आधी फाउंड्रीचेच बघू. भट्टीतला रस साच्यात ओतण्यापूर्वी त्या वस्तूचा पॅटर्न करावा लागतो, आणि पॅटर्न करण्यापूर्वी ड्रॉइंग वाचावे लागते. वस्तू वरून कशी, समोरून कशी, बाजूने कशी, हे कागदावरून डोळ्यांपुढे उभे राहिले पाहिजे. बीड थंड होताना आकसते, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. वाळूतून तो सुटून यावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. आज यातले बरेच काम संगणकावर होते. पण संगणकापुढे बसणाऱ्यालाही आकार मनात फिरवून बघता यावा लागतो. इंटरमिजिएट परीक्षेतली घनभूमिती दुसरे काय शिकवते? शंकू, घन, चिती यांचे वरून आणि समोरून दिसणारे रूप मोजून काढायला. तेव्हा 'चित्रकला म्हणजे वेळ घालवणे' असे निदान शिरोलीत तरी कोणी म्हणू नये.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा शाळेमार्फतच देता येतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांची शिस्त त्यातून लागते. इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या निकालातही धरली जाते. २०१८ च्या सुधारित नियमानुसार 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५ आणि 'क' ला ३ वाढीव गुण ठरले. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांनाही अशी सवलत ठेवली आहे. मात्र हे गुण आपोआप पडत नाहीत. प्रमाणपत्र जोडून प्रस्ताव शाळेकडून मंडळाकडे मुदतीत जावा लागतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी.

संगीताची वाटही अशीच पायरी-पायरीची आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दरबारात आणि घराण्यांत राहिलेले गाणे त्यांनी वर्गात, फळ्यापुढे आणले. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली उभे केलेले गांधर्व महाविद्यालय मंडळ आजही प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा घेते. गायन, पेटी, तबला, कशाचीही परीक्षा देता येते. कोल्हापुरात १८८३ सालापासूनचा गायन समाज देवल क्लब आहे आणि शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. म्हणजे शिरोलीचा पूल ओलांडला की पुढचे शिक्षण दूर नाही.

दहावीनंतरही ही दारे मिटत नाहीत. बारावीच्या कला शाखेच्या विषयांत चित्रकला, गायन, वाद्यवादन हे विषय आहेत. यादीतला विषय प्रत्येक कॉलेजात मिळतोच असे नाही. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावे. बारावीनंतर बी.एफ.ए. पदवीसाठी राज्याची सीईटी असते. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज या चित्रकलेच्या जुन्या संस्था आहेत.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्या समाजात गळ्याची आणि हाताची वाण कधीच नव्हती. जलशांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना शाळा मिळाली नाही, अक्षरओळख मोठेपणी झाली, तरी त्यांची गाणी घराघरांत पोचली. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे बसले, तेही बाबासाहेब हयात असताना. ते बसवण्यात पुढाकार घेणारे भाई माधवराव बागल स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते. स्वतः बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांच्या इतक्या व्यापात त्याला जागा होती, तर आपल्या मुलाच्या आठवड्यात दोन-तीन तास का नसावेत?

जयंतीच्या स्टेजवर आपली मुले ढोलकी वाजवतात, बॅनर रंगवतात, रांगोळीत बाबासाहेबांचा चेहरा हुबेहूब उतरवतात. सगळे वाहवा करतात. पण ती कला कागदावर येत नाही. स्वर ओळखता येतो, लिहिता येत नाही. प्रमाणपत्र नसल्याने कलाशिक्षकाची जागा, संगीताची पदवी, डिझाइनचे काम या सगळ्यांच्या दारातून आपली मुले परत फिरतात. वामनदादांच्या पिढीपुढे शाळाच नव्हती. आपल्या मुलांपुढे शाळा आहे, परीक्षा आहे. ऐन वेळी आपणच त्यांच्या हातातला कुंचला काढून घ्यायचा का?

खर्चाचा प्रश्न खरा आहे. पण प्रत्येक घराने पेटी विकत घ्यावी असे नाही. विहारात पेटी-तबला असेल, तर तो वर्षातून दोनदाच का बाहेर काढावा? रविवारी सकाळी दोन तास मुलांना द्यावा. वस्तीतला एखादा जाणता वादक शिकवायला बसला, तर प्रारंभिकची तयारी होऊ शकते. मुलींचे शिकणे 'वयात आली' म्हणून थांबवू नये. उलट आईने सोबत जावे, तीही चार स्वर शिकेल.

दहावीचा अभ्यास व्हायलाच हवा, त्यात सूट नाही. पण गणिताच्या वहीशेजारी चित्राची वही राहू द्या. या महिन्यात एवढेच करा: शाळेत जाऊन ग्रेड परीक्षेचे फॉर्म केव्हा भरायचे ते विचारा, आणि मुलाचे नाव तिथे लावून या.