दर रविवारी मोडणारे घर



गेल्या महिन्यात एका तरुण वाचकाचे पत्र आले. "काका, सप्रेम जयभीम" अशी सुरुवात, आणि मग वहीची तीन पाने भरून नुसती माशांची हकीकत. हा मुलगा बारावीनंतर एका फिश टँकच्या दुकानात कामाला लागला आहे. दुकानाची गिऱ्हाइके मोठ्या इमारतींत राहणारी. त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाक्या आठवड्यातून एकदा साफ करणे, पाणी बदलणे, फिल्टर धुणे हे त्याचे काम. त्यांपैकी एका घरी समुद्राच्या पाण्याची टाकी आहे. तिथल्या साहेबांनी हौसेने बिळात राहणारा परदेशी मासा आणवला. पहिला मासा दुसऱ्याच दिवशी सकाळी टाकीच्या मागे जमिनीवर सुकून पडलेला सापडला. दुसरा तीन आठवडे जगला, पण खंगत खंगत मेला. दुकानदाराने दोन्ही माशांची किंमत मुलाच्या पगारातून कापली. पत्राच्या शेवटी लिहिले आहे, "मी दर रविवारी टाकी आरशासारखी स्वच्छ करत होतो. मग माझी चूक काय?"

मी कारकून माणूस. माशांचे माझे ज्ञान आजवर ताटापुरतेच होते. परंतु पोराचा पगार कापला गेला आहे, तेव्हा 'मला यातले कळत नाही' असे लिहून मोकळे होणे बरे वाटेना. खाऱ्या पाण्याच्या टाक्या वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या एका परिचितांकडे दोन संध्याकाळी बसलो, त्यांच्याकडची पुस्तके चाळली. त्यातून जे समजले ते इथे देतो. असली कामे करणारी मुले आपल्या घराघरांत आहेत. त्यांनाही उपयोग होईल.

पत्रातल्या माशाचे नाव जॉफिश. डोके फिकट पिवळे, अंग निळसर, डोळे टपोरे आणि तोंड अंगाच्या मानाने मोठे. लांबी जेमतेम चार इंच. हा अमेरिकेच्या फ्लोरिडापासून कॅरिबियन बेटांपर्यंतच्या समुद्रात राहतो. आपल्याकडे येतो तो विमानाने, पिशवीतल्या पाण्यात. हा मासा तोंडानेच वाळू उपसतो आणि उभे बीळ खणतो. मग शिंपल्यांचे तुकडे, खडे एकेक करून तोंडात धरून आणतो आणि विहिरीला दगड बांधावेत तसे बिळाच्या तोंडाशी रचतो. दिवसभर त्या बिळावर उभा तरंगत असतो. प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव टिपतो. जरा सावली हलली की शेपटीकडून आत जातो. रात्री एखादा खडा तोंडाशी ओढून दार लावून घेतो. नर तर अंडी फुटेपर्यंत, म्हणजे आठवडाभर, ती आपल्या तोंडात सांभाळतो.

बिळात राहणारे मासे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. खाडीच्या चिखलात बीळ करणारी निवटी खाडीकाठच्या लोकांनी पाहिलेली असते. मुडदुशी तर जाळे आले की वाळूत शिरते. निवटीला चिखल आणि मुडदुशीला वाळू, तसे या जॉफिशला बीळ. त्यावाचून त्याला चैन पडत नाही.

आता त्या साहेबांची टाकी पाहू. पत्रात लिहिले आहे की वाळू दोन इंच, एकसारखी बारीक, पांढरीशुभ्र. दिसायला छान. पण चार इंचांच्या माशाने दोन इंच वाळूत बीळ खणायचे कुठे? जाणकार सांगतात, जॉफिशला वाळू निदान पाच इंच हवी, सहा-सात इंच असली तर उत्तम. शिवाय ती एकसारखी असून चालत नाही. नुसत्या बारीक वाळूचे बीळ ढासळते. नुसती खडी असेल तर खणता येत नाही. बारीक वाळू, जाड वाळू, खडे आणि शिंपल्यांचे तुकडे असे सगळे मिसळून हवे. बांधकामाची रेती मात्र वापरू नये, ती टोकदार असते आणि धुळीने भरलेली असते. शिंपल्यांसाठी दुकानात जायला नको. घरी तिसऱ्यांचे कालवण झाले की शिंपा घासून, उकळून, वाळवून, फोडून ठेवाव्यात. एवढ्यावर हा परदेशी पाहुणा खूश असतो. जिवंत पोवळे किंवा समुद्रघोडा मात्र कोणी स्वस्तात देतो म्हटले तरी हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि पकडला जातो तो टाकीचा मालक नव्हे, पिशवी नेणारा पोऱ्या.

टाकीत मोठे दगड असतील तर ते आधी तळाच्या काचेवर पक्के बसवायचे, मग भोवती वाळू भरायची. वाळूवर दगड ठेवला आणि माशाने खालून खणले की दगड कोसळतो. मासा तरी चिरडतो नाहीतर काच तरी जाते. सुरुवातीला नळजोडणीच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा वाळूत तिरपा पुरून ठेवला तर माशाला आयता आसरा मिळतो.

आणि आता पोरा, तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू लिहितोस की दर रविवारी सायफनची नळी सगळ्या वाळूत तळापर्यंत खुपसून ती ढवळून काढायचास, म्हणजे वाळू पांढरी दिसावी. साहेबांची तशी ताकीद होती. तू काम मनापासून केलेस, यात शंका नाही. पण त्या माशाने सहा दिवस खपून जे काही उभे केले असेल ते तू सातव्या दिवशी मोडत होतास. पुन्हा सोमवारपासून त्याने खणायला लागायचे, खाण्यापिण्याचे भान सोडून. महापालिकेची गाडी येऊन झोपडे तोडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तीच पत्रे, तेच बांबू पुन्हा उभे करणारी माणसे आपण पाहिली आहेत. त्या दिवसांत कोणाच्या अंगाला अन्न लागते? माशाचेही तेच झाले. वाळूचा फक्त वरचा थर हलक्या हाताने साफ करायचा आणि बिळाच्या आसपास नळी न्यायचीच नाही. खोल वाळू एकदम ढवळण्यात आणखी एक धोका आहे. तळाला हवा पोचत नाही, तिथे काळे डाग पडतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू साठतो. तो एकदम पाण्यात मिसळला तर सगळेच मासे दगावतील.

पहिला मासा टाकीबाहेर पडला ती गोष्ट वेगळी. नवा जॉफिश घाबरला की सरळ वर उडी मारतो, विशेषतः पहिल्या काही रात्री आणि दिवा एकदम बंद झाल्यावर. टाकीला बारीक जाळीचे झाकण हवे. वायर जाण्यासाठी ठेवलेले दोन बोटांचे भोकसुद्धा बुजवलेले हवे. झाकणाने टाकीची शोभा जाते असे साहेब म्हणाले, असे तू लिहितोस. शोभेसाठी मासा गेला, आणि त्याचे पैसे तुझ्या पगारातून गेले! रात्री दिवे टप्प्याटप्प्याने मालवावेत, खोलीत एखादा मंद दिवा राहू द्यावा.

दुसरा मासा ढवळण्यानेच खंगला असे नाही, तो उपाशीही राहिला. त्याच टाकीत तू ट्रिगर मासे असल्याचे लिहितोस. ते दांडगे, हावरे. वरून टाकलेले खाणे खाली पोचेपर्यंत फस्त. जॉफिश भांडायला जात नाही, तो बिळाच्या तोंडाशी येईल तेवढेच खातो. त्याला दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे खाणे लांब नळीने बिळाजवळ सोडावे लागते. मिठागरांत वाढणारा आर्टेमिया, गोठवलेला मायसिस झिंगा, किंवा ताजा जवळा स्वच्छ धुऊन अगदी बारीक चिरून. सुका जवळा नको, त्याच्या भुग्याने पाणी नासते. पोट आत गेलेले आणि डोक्यामागे खळगा पडलेला दिसला की समजावे, मासा खात नाही. आठवड्यातून एकदा जाणाऱ्या माणसाला ते वेळेवर दिसणार नाही. हे घरच्यांनीच पाहायचे असते. ट्रिगरसारख्या माशांबरोबर याला ठेवूच नये.

पाण्याचे गणित थोडक्यात सांगतो. मुंबईच्या चौपाटीवरून बादलीभर पाणी आणू नये, ते किती घाण आहे हे आपण जाणतोच. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ ठेवायचे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. तापमान २४ ते २६ अंश. आपल्या उन्हाळ्यात हे जड जाते. पंख्याने पाणी थोडे गार होते, पण उडूनही जाते. उडते ते नुसते पाणी, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. नवी टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे तिच्यात मासा सोडायचा नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. हे जिवाणू वाढेपर्यंत पाणी दिसायला नितळ, पण माशाला विष. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच मासा आणावा.

मासा आल्यावर दिवे बंद ठेवून, टाकीचे पाणी थेंबथेंब पिशवीत सोडत तासभर लावावा. त्यानंतर तो चार-पाच दिवस दिसलाच नाही तरी वाळू उकरून पाहायची नाही. वाळूत झोपणारे रॅस जातीचे मासे तर काही वेळा आठवडाभर बाहेर येत नाहीत. त्यांच्या अंगात अजून दूरच्या समुद्राचे घड्याळ चालू असते. आपल्याकडे दुपार तेव्हा त्यांची मध्यरात्र. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर 'मासा मेला, फसवले' म्हणून फोन सुरू होतात.

या माशांचा भित्रेपणा किती असतो याची एक खरी गोष्ट सांगतो. वामच्या नात्यातला गार्डन ईल नावाचा बोटाएवढा जाड मासा आहे. हे मासे शेकडोंच्या वस्तीने वाळूतून अर्धे वर येऊन डोलत असतात. टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयात असे सुमारे तीनशे होते, माणसांच्या गर्दीला सरावलेले. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे मत्स्यालय बंद झाले. माणसे दिसेनाशी झाली, आणि हे मासे माणसाला विसरले. सफाई करणारा जवळून गेला तरी सगळे वाळूत! आजारी कोण, निरोगी कोण, पाहणेच अशक्य झाले. शेवटी मे महिन्यात टाकीसमोर टॅब्लेट मांडून लोकांना आवाहन केले, व्हिडिओ कॉल करा आणि माशांना तोंड दाखवा. तेव्हा टाकी आपटणाऱ्या दाराशेजारी नको आणि काचेवर टकटक नको, पण घरच्यांचे रोजचे शांत येणेजाणे त्याच्या नजरेसमोर असलेले चांगले. गार्डन ईल मात्र घरात आणूच नये, असे माझे मत झाले आहे. त्याला फार खोल वाळू, सतत प्रवाह आणि दिवसभर खाणे लागते. जॉफिशसुद्धा बहुतेक समुद्रातून धरूनच आणलेले असतात. ज्याला पहिल्यांदाच हौस करायची आहे त्याने क्लाउनफिश घ्यावा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास साधलेली आहे आणि तो वाळूसाठी अडून बसत नाही.

राहिली पगाराची गोष्ट. दोन इंच वाळू साहेबांनी ठरवली, झाकण त्यांनीच नाकारले, ट्रिगरच्या टाकीत हा मासा दुकानदाराने विकला. तुझ्याकडे आला तो सायफन, तोही हुकमाने. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीने झालेले असावे लागते आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. हे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. तशी संधी तुला दिली नसेल तर दोन ओळींचा अर्ज लिही, त्याची प्रत ठेव. भांडण करू नकोस, पण अर्ज जरूर दे.

आणि एक वही घाल. कारकुनाची सवय म्हण हवे तर. प्रत्येक टाकीला एक पान. तारीख, तापमान, विशिष्ट गुरुत्व, वाळू किती इंच, झाकण आहे की नाही, मासा खातो की नाही, आणि आपण काय सुचवले. खाली घरच्या कोणाची तरी सही. 'झाकण लावण्यास सांगितले, नको म्हणाले' ही एक ओळ त्या दिवशी सहीनिशी असती तर पहिल्या माशाचे पैसे तुझ्या नावावर पडले नसते.

साहेब तिसरा मासा मागवणार आहेत, असे तू कळवले आहेस. त्यांना म्हण, अजून दीड-दोन महिने थांबा. ट्रिगर दुसऱ्या टाकीत हलवा, वाळू भरून घ्या, जाळी बसवून घ्या. आणि पुढच्या रविवारी पट्टी घेऊन जा. वाळू चार ठिकाणी मोजून मला कळव, मागच्या कोपऱ्यात बहुधा दोन इंचही भरणार नाही.