बंदुकीचा आरसा करू नका!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय आपल्या कीबोर्डवाल्या जगापासून लांबचा आहे: कोकणातली ठासणीची बंदूक आणि तिला 'नवी कोरी' करण्याचं खूळ.

खूळ कुठून आलं ते सांगायला नको. यूट्यूबवर रिस्टोरेशनचे व्हिडिओ बघून बघून आपल्या डोक्यात एक पक्कं बसलंय, की जुनी वस्तू चमकली म्हणजे ती वाचली. अडकित्ता, कंदील, कोळशाची इस्त्री इथपर्यंत ठीक होतं. पण आता मुंबई-पुण्याहून मे महिन्यात गावी गेलेला नातू भिंतीवरची बंदूक उतरवतो, नळीला ग्राइंडर लावतो, दस्त्याला पीयूचे तीन कोट मारतो आणि 'परंपरा जपली' म्हणून फोटो टाकतो. खाली शंभर लाइक. माझ्या मते त्याने परंपरा जपलेली नाही, बंदुकीची वाट लावली आहे. आणि हे मी नुसतं हळहळ म्हणून म्हणत नाही, त्याला कारणं आहेत.

आधी वस्तू कोणती ते बघू. रत्नागिरी जिल्ह्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आहेत. भातात डुकरं शिरली, आंबा-काजूवर माकडं आली, की बार काढून पिटाळायचं. (डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, ते वेगळं प्रकरण.) लोक तिला सर्रास रायफल म्हणतात, पण रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे कापलेले असतात. हिची नळी बहुतेक वेळा आतून साफ गुळगुळीत. दारू-छर्रे तोंडाकडून घालून गजाने ठासायचे, म्हणून ठासणीची. आणि ही राहते कुठे? वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारी हवा असलेल्या जिल्ह्यात. तेव्हा इथे फिनिशिंग म्हणजे मेकअप नाही. ते छप्पर आहे.

आता लोखंड. जुन्या नळीवरचा तपकिरी थर म्हणजे मळ, असं समजून लोक तो खरवडतात. अहो, तो कित्येकदा मुद्दाम चढवलेला असतो! जगभरच्या जुन्या बंदूककारांची रीत अशी: नळीचा तेलकटपणा पूर्ण काढायचा, मिठाचं किंवा नवसागराचं पाणी पुसायचं, दमट जागी ठेवायची. बारीक गंज आला की सुटा भाग घासून काढायचा आणि पुन्हा तेच. असे कित्येक हात. शेवटी जो घट्ट, बारीक थर उरतो तो तेल धरून ठेवतो आणि पुढच्या गंजाला जागा देत नाही. प्रत्येक हातानंतर नळी पाण्यात उकळली, तर लाल ऑक्साइडचं काळं ऑक्साइड होतं आणि निळसर काळी झाक येते. काट्याने काटा काढतात, तसा गंजाने गंज. आणि आपण हे सगळं दहा मिनिटांत तारेच्या ब्रशने उडवतो. वर उघडं, पांढरं लोखंड जुलैच्या हवेत टांगून ठेवतो आणि गणपतीत गेल्यावर 'पुन्हा कसं काय गंजलं?' म्हणून विचारतो.

ओळखायची साधी युक्ती आहे. मऊ फडक्यावर थोडं तेल घेऊन पुसा. फडकं लाल झालं तर तो जिवंत गंज, त्याचा बंदोबस्त करायचा, हलक्या हाताने. फडकं फारसं लाल झालं नाही तर हात जोडा आणि थर तसाच राहू द्या.

ग्राइंडरचा दुसरा गुन्हा जास्त गंभीर आहे. गंजाचे खड्डे सपाट दिसायला हवेत म्हणून तुम्ही आजूबाजूचं चांगलं लोखंड घासता. म्हणजे नळीची भिंत पातळ करता. दारूचा सगळा दाब ती भिंत सोसते, आणि बार काढताना तुमचा हात आणि डोळा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण व्हिडिओतली वस्तू पुन्हा कामाला जायची नसते.

तिसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र अधिनियम, १९५९. त्याचं कलम ८ म्हणतं, की बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही. तुमच्या परवान्यावर तोच नंबर असतो. आरसा करण्याच्या नादात तो घासला गेला, तर पोलिसांना 'साहेब, पॉलिश करत होतो' हे सांगून बघा आणि मला कळवा काय झालं ते :-)

आता लाकूड. पीयू म्हणजे लाकडावर चढवलेली प्लास्टिकची पिशवी. अखंड आहे तोवर झकास. पण बंदूक खांद्याला लागते, दाराला आपटते, गज काढताना घासते. एक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर यायची वाट बंद. तो पापुद्रा मग पूर्ण काढल्याशिवाय डागडुजीही होत नाही. लाखेचं पॉलिश दिसायला देखणं, पण ओलीने पांढरं पडतं. त्यापेक्षा जवसाचं तेल, म्हणजे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते, बरं. ते नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या रंध्रांत घट्ट होतं. पातळ हात, उरलेलं पुसून टाकायचं, काही दिवस थांबायचं, परत पातळ हात. त्यानेही पाणी पूर्ण अडत नाही, हे कबूल. पण ओरखडा आला तर तेवढ्यापुरतं तेल चोळा, झालं. (तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवा.) आणि खोबरेल? ते केसांना! ते कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतं, खवट होतं.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हे सगळे हौशी लोक फक्त दिसणाऱ्या बाजूवर काम करतात. नळी दस्त्यात जिथे बसते ती खाच, कळीची आतली बाजू, गजाचं भोक, नळीचा आतला भाग, इथे कोणी बघतच नाही. ओल मात्र नेमकी तिथेच साठते. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, खडखडीत वाळवून तेल लावलं नाही, तर कोकणात एक रात्र पुरते. होमपेजचा रंग बदलला की सिस्टीम सुधारली असं मानणारे मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलेत. ही त्यांचीच जात.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: 'एवढं कशाला? बिघडली तर दुरुस्त करू.' कुठे करणार? त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायलाच नाही, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. नाक्यावरच्या वेल्डरकडे नेलीत तर तो अडकेल आणि तुम्हीही. म्हणजे परवानाधारकाच्या हातात उरते ती निगा, आणि नेमकी तीच आपण शोसाठी उधळतोय. दुसरा: 'आमची काय वापरात नाही, शोभेची आहे.' परवाना आहे ना? मग कायद्याच्या लेखी ती चालू बंदूकच आहे. आणि भिंतीवरची जुनी बंदूक कित्येक वर्षं भरलेली असू शकते. तेव्हा पॉलिशच्या आधी परवानाधारकाने ती रिकामी असल्याची जाणत्याकडून खात्री करून घ्यावी.

सरकारकडेही एक मागणं आहे. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा मिळून दोनदा आचारसंहिता लागली. जमा करताना तेल लावलेलं आहे का ते बघा, कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि परत देताना मालकासमोर तपासा. यात खर्च काय, एक बाटली तेल आणि एक रजिस्टर.

आणि आपल्यासाठी मेंटेनन्सची तारीख कॅलेंडरमध्ये आधीच छापलेली आहे: खंडेनवमी. पाऊस ओसरताना हत्यारं बाहेर काढायचा दिवस. या वर्षी फोटो काढायच्या आधी बंदूक बाहेर काढा, पुसा, खाचेत डोकावून बघा, तेल लावा. पूजा जरूर करा, पण ओल्या गंधाचा टिळा नळीवर लावलात तर संध्याकाळी पुसून घ्या. नाहीतर पुढच्या खंडेनवमीला तिथे बरोबर तेवढाच गोल खड्डा सापडेल.